कोरडा खोकला : कसाय द्यावा की आडुळसा?

पावसाळी_फोंडा: सासूबाई ६४ वर्षांच्या. दहा दिवस कोरडा खोकला आहे; कफ नाही, ताप नाही, रात्री आडवं झालं की ढास लागते. ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे. परसात आडुळसा आहे, घरात कसायाची (धणे-जिऱ्याच्या काढ्याची) पूडही आहे. काय द्यावं, किती? घरातलं नऊ महिन्यांचं बाळही थोडं खोकतंय. त्याला मध चाटवला तर चालेल ना?

कुळागर: बाळाला मध नको, बोटाला लावूनही नको. वर्षाच्या आतल्या मुलांना त्यातल्या जंतुबीजामुळे बोट्युलिझम (अंग लुळं पाडणारी विषबाधा) होऊ शकतो, आणि मध उकळला तरी ते जंतुबीज मरत नाही. कापूर, बाम हेही लांब ठेवा. अंगावरचं दूध वरचेवर पाजा. श्वास भराभर चालला, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या किंवा दूध पिणं कमी झालं तर लगेच दवाखाना.

आडुळसा सध्या राहू द्या. तो चिकट कफ सुटायला. ब्रोमहेक्सिन हे कफाचं औषध त्याच्यातल्याच वॅसिसिनवरून बनवलं गेलं. कोरड्या ढाशेत नुसता रस देऊन कडू तोंडापलीकडे फारसं काही हाती लागत नाही, जास्त झाला तर उलटी होते. गरोदर बाईला तर देऊच नये.

सासूबाईंना झोपताना एक चमचा मध, तसाच किंवा कोमट पाण्यात. मधुमेह असेल तर तो साखरेत धरायचा. गुळण्यांना पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून तीन-चारदा. पाणी थुंकायचं आहे, त्यामुळे प्रेशरवाल्यांनाही चालतं.

धणेजिरे: कसाय जरूर द्या, पण आधी पुडीत ज्येष्ठमध आहे का ते बघा. बाजारच्या बऱ्याच पुड्यांत असतो. रोज घेतला तर अंगात पाणी धरतो, पोटॅशियम उतरवतो आणि प्रेशर चढवतो. त्यांच्यासाठी वेगळी पूड करा: धणे ४ भाग, जिरे २, बडीशेप १, सुंठ अर्धा, मिरी पाव. धणे-जिरे वेगवेगळे, मंद आचेवर, वास सुटेपर्यंतच भाजायचे. धणे करपले की सगळा कसाय कडवट. सुंठ-मिरी वाढवायचा मोह आवरा, कोरड्या घशाला ती झोंबते आणि ढास वाढते.

दोन कप पाण्यात एक चमचा पूड, मंद आचेवर आटवून एक कप, मग गाळायचं. दूध हवं तर गाळल्यावर, आणि माडाचा गूळ गॅस बंद करून, जरा निवल्यावर. उकळत्या दुधात गूळ पडला की दूध फाटतं, ही तक्रार दर पावसाळ्यात येते. पूडही पंधरा दिवसांपुरतीच दळा. जुलैच्या दमट हवेत ओला चमचा एकदा गेला की गोळे होतात, मग बुरशी.

औषधाची_चिठ्ठी: त्या गोळीचं नाव काय? शेवटी ‘प्रिल’ असेल (रॅमिप्रिल, एनालाप्रिल) तर अशी कोरडी, गुदगुल्या होणारी ढास गोळीमुळेच असू शकते, अगदी काही महिने घेतल्यावरही सुरू होते. तिच्यावर कसाय ओतून उपयोग नाही. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टर बदलून देतात. बदलल्यावरही खोकला जायला एक ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात.

आडवं झाल्यावरच वाढतो म्हणजे पित्त वर येत असण्याचीही शक्यता आहे. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा, उशाकडचे खाटेचे पाय विटांवर चढवा. नुसत्या उशा रचल्या तर पोट दुमडतं, उलट त्रास.

पावसाळी_फोंडा: गोळी रॅमिप्रिलच आहे. उद्याच दाखवते. तोवर वाफ द्यावी का?

कुळागर: घसा सुकल्यासारखा वाटत असेल तर पाच मिनिटं, साधं पाणी. गॅसवरच्या पातेल्यावर वाकवू नका. पातेलं उतरवून स्थिर टेबलावर, बाळ दुसऱ्या खोलीत. रांगतं मूल आणि गरम पाणी एकत्र नको. एकूण दोन आठवडे झाले आणि खोकला आहेच, तर गोळी बदललेली असली तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्या, क्षयाची तपासणी तिथे मोफत होते. रक्त पडलं, दम लागला, ताप आला किंवा वजन उतरलं तर तेवढंही थांबू नका.