डॅनइलेक्ट्रोचा आवाज: बॉडी की वायरिंग?
डॅनइलेक्ट्रो या इलेक्ट्रिक गिटारचा तो खणखणीत आवाज मेसोनाइटच्या (लाकडाच्या भुश्याच्या दाबलेल्या पुठ्ठ्याच्या) पोकळ बॉडीतून येतो, असं बरेचदा म्हटलं जातं. बॉडीचा थोडाफार हात असेलही, पण खरी करामत पिकअपची, म्हणजे तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या भागाची. ही गिटार बनवणाऱ्या नेथन डॅनियलने अल्निको या मिश्रधातूचा एक चुंबक, त्याभोवती तार, आणि ते सगळं लिपस्टिकच्या नळीत कोंबलं (हो, खरीच लिपस्टिकची नळी!). शिवाय स्विच मध्ये ठेवला की दोन्ही पिकअप सिरीजमध्ये (एकामागोमाग एक) जोडले जातात. फेंडरच्या टेलिकास्टर गिटारमध्ये ते पॅरलल (शेजारी-शेजारी) असतात. सिरीजमध्ये आउटपुट वाढतं, मिड्स (मधल्या पट्टीचे स्वर) जाड होतात.

माझ्या ठोकळ्यासारख्या भरीव टेलि-कॉपीत (टेलिकास्टरच्या नकलेत) चार-वे स्विच टाकून हेच केलं; त्याच्या चौथ्या पोझिशनला पिकअप सिरीजमध्ये येतात. लाकूड तेच, गिटारच्या तारा त्याच, पण तिथे ॲम्प लगेच गुरगुरतो. फक्त नेक पिकअपच्या (मानेकडच्या पिकअपच्या) धातूच्या कव्हरचं अर्थिंग वेगळं काढा, नाहीतर कव्हरला हात लागला की हम (घुंss असा आवाज) येतो.