उंदराच्या मेंदूत सीबी-१ दिसेना, प्लीहेत मात्र ठसठशीत बँड??

कडक_भाकरी: नमस्कार मंडळी, सोलापुरात एम.एस्सी. प्रोजेक्ट चालूये. गांजातलं टीएचसी ज्या रिसेप्टरला चिकटतं तो सीबी-१ कुठल्या टिश्यूत किती असतो ते वेस्टर्न ब्लॉटवर (प्रोटीनं जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीनं ओळखायची पद्धत) बघायचंय. उंदराचा सेरेबेलम (लहान मेंदू) आणि प्लीहा घेतली. सगळीकडे लिहिलंय की मेंदूत भरपूर असतो, आणि माझ्या मेंदूच्या लेनला वर वेलच्या (जेलमधली सॅम्पल घालायची खाच) तोंडाशी नुसता काळा धब्बा, खाली काहीच नाही. प्लीहेत मात्र ५० केडीएजवळ (केडीए म्हणजे प्रोटीनच्या वजनाचं एकक) जाडजूड बँड. सीबी-१ ५३ केडीएचा म्हणतात, मग हाच ना? सॅम्पल ९५ डिग्रीला ५ मिनिटं, प्रायमरी अँटिबॉडी (सीबी-१ ला धरणारी) माऊस मोनोक्लोनल, सेकंडरी (प्रायमरीला धरून बँड दाखवणारी) अँटी-माऊस. गाईड म्हणले नवीन शोध लावलास की, आता ते गमतीत म्हणले का खरंच ते कळंना.

टेरीटॉवेल: उकळलंस तिथंच मेंदूचा बँड गेला बे. हे प्रोटीन पेशीच्या पडद्यातून सात वेळा आरपार जातं, जास्त तापवलं की एकमेकांना चिकटून गोळा होतो आणि तो जेलमध्ये शिरतच नाही, तुझा धब्बा तोच असणार. ३७ डिग्रीला अर्धा तास ठेव (मे महिन्यात आपल्याकडं टेबलावर ठेवलं तरी भागतंय). आणि प्लीहेतला बँड सीबी-१ नाही वाटत. प्लीहा म्हणजे रक्त आणि बी-पेशी, त्यात उंदराची स्वतःची अँटिबॉडी ठासून भरलेली, तुझी अँटी-माऊस सेकंडरी तिलाच धरणार. त्या अँटिबॉडीची हेवी चेन ५० केडीए, लाईट चेन २५. खाली २५ ला काही आहे का?

कडक_भाकरी: आहे की!! मी तो भाग क्रॉप केलेला 😬

टेरीटॉवेल: क्रॉप करून गाईडला दाखवलास? धन्य आहेस. प्रायमरी न घालता नुसत्या सेकंडरीची एक पट्टी चालव, तरी बँड आला तर विषय संपला. पुढच्या वेळी प्रायमरी सशाची घे.

हुरडा_पार्टी: ५३ हा आकडा अमिनो आम्लांवरून काढलेला. सीबी-१ वर साखरेच्या साखळ्या असतात त्यामुळं बँड बरेचदा ६० च्या वर येतो, पीएनजीएज-एफ एन्झाइमनं साखर काढल्यावर खाली सरकला तर जरा विश्वास ठेव. पण माझं मत विचारशील तर नॉकआऊट उंदराचा (ज्यात सीबी-१ चं जनुकच निकामी केलंय) मेंदू शेजारच्या लेनला लावल्याशिवाय या रिसेप्टरच्या कुठल्याच अँटिबॉडीवर विसंबू नको. ते उंदीर १९९९ पासून आहेत, कुणाकडून त्यांच्या मेंदूचं थोडं लायसेट (पेशी फोडून केलेलं द्रावण) मागून घे. अँटिबॉडी ज्या तुकड्याविरुद्ध बनवली त्याच पेप्टाइडनं ती ब्लॉक करून बँड गेला म्हणून लोक खूश होतात, अरे, अँटिबॉडी चुकीच्या प्रोटीनला चिकटत असली तरी पेप्टाइडनं तोही बँड जातोच की. प्लीहेत मुख्य सीबी-२ (सीबी-१ चाच भाऊबंद रिसेप्टर) असतो, त्याच्या अँटिबॉडीज तर याहून बेभरवशाच्या.

कडक_भाकरी: सगळं पटलं. सोमवारी परत चालवतो, पण प्रायमरी १ मायक्रोलिटरच उरलीय.

टेरीटॉवेल: मग मागच्या ब्लॉटला घातलेलं प्रायमरीचं डायल्युशन (पातळ केलेलं द्रावण) वापर ना, ४ डिग्रीला ठेवलं असशील तर अजून एकदोनदा चालतंय.

कडक_भाकरी: ते बेसिनमध्ये ओतलं 😭