झडीत शेळ्यांचे खूर सडतायत, डांगी बैल मात्र ठणठणीत. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. इगतपुरी तालुक्यात आमची भातशेती. गोठ्यात डांगी बैलांची जोडी आणि काही संगमनेरी शेळ्या आहेत.

लावणीच्या दिवसांत बैल सकाळपासून चिखलात, वरून धो धो पाऊस, तरी त्यांना काही होत नाही. डांगीच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो. पाठीवर हात फिरवला की बोटं ओशट होतात, पाणी अंगावर न मुरता निथळून जातं. खूरही काळे, गारगोटीसारखे टणक. आपल्या डोंगरपट्ट्यातल्या पावसाला हीच जात पुरून उरते, आणि ती टिकलीच पाहिजे.

शेळ्यांचं उलट. दोन थेंब पडले की ओरडत आडोशाला पळतात. मेंढीच्या लोकरीला चरबी तरी असते, शेळीच्या केसांत तेवढीही नाही. यंदा झड लागल्यापासून काही शेळ्या लंगडतायत. एक पाठ (तरुण शेळी) तर पुढचे गुडघे टेकून चरते. तिचे खूर फाकवून पाहिले तर बेचक्यातली कातडी पांढरी, लिबलिबीत, आणि उग्र घाण वास. तोंडात फोड नाहीत, लाळ गळत नाही, म्हणजे लाळ्या-खुरकूत नसावा. डॉक्टरांना निरोप दिलाय, पण रस्ता बंद आहे.

तोवर काय करू? खाली भाताचा पेंढा टाकतो, पण रात्रीतून भिजतो. फळ्यांचा माच करावा का?

दुसरं, पोळ्याला आमच्याकडे बैल कपड्यांच्या पावडरीने घासतात. माझा याला साफ विरोध आहे, कारण ते तेलच निघून जाईल. घरच्यांना कसं पटवू?

प्रतिसाद:
दादा, लक्षणं खूर सडण्याचीच वाटतात. लंगडणाऱ्या शेळ्या आधी वेगळ्या बांधा, हा रोग ओल्या जमिनीतून पसरतो. खुरातला चिखल धुऊन, वाढलेलं नख बेताने कापा, रक्त येऊ देऊ नका. मग १० लिटर पाण्यात १ किलो झिंक सल्फेट विरघळवून त्यात पाय बुडवा. ते पाणी पिऊ देऊ नका आणि नंतर कोरड्या जागी उभं करा, नाहीतर औषध धुऊन जातं. तरी जखम खोल असेल तर अँटिबायोटिक लागेल, ते डॉक्टरच ठरवतील.

माच जरूर करा. फटी एवढ्याच ठेवा की लेंडी खाली पडेल, पण करडाचा पाय अडकणार नाही. पावसाच्या बाजूला ताडपत्री लावा, मात्र वरून हवा खेळती ठेवा. कोंडलेल्या दमट गोठ्यात शेळ्यांना सर्दी-खोकला धरतो.

बैलांचं तुम्ही म्हणता ते बरोबर. साधं पाणी आणि नारळाची शेंडी पुरे.