भ्रष्टाचार-तपासावरचा चिनी थ्रिलर सुचवा (मारामारी कमी, हिशेब जास्त)

रात्रपाळी:
कँटोनीज किंवा मँडरिन, काहीही चालेल. लाचखोरी शोधणारे अधिकारी केंद्रस्थानी हवेत आणि पैसा कुठून कुठे गेला ते नीट कळायला हवं. हाँगकाँगच्या 'स्टॉर्म' सिनेमांपैकी पहिल्या 'झेड स्टॉर्म'पासून सुरुवात करू का? पाचही क्रमाने बघावे लागतात का?

बोरूबहाद्दर:
क्रम असा: झेड (२०१४), एस (२०१६), एल (२०१८), पी (२०१९), जी (२०२१). प्रत्येकात प्रकरण नवं, नायक तोच, लाचखोरी शोधणारा अधिकारी (अभिनेता लुई कू). तुमच्या अटी बघता एस आणि एल आधी घ्या. एसमध्ये फुटबॉलच्या सट्ट्यातला घोळ आहे. पोलीस अधिकारी लाउ पो-कुंग यातच पहिल्यांदा येतो, आणि पोलीस विरुद्ध लाचलुचपतवाले ही ओढाताण इथूनच रंगते. एलमध्ये मनी लाँडरिंगचा तपास चालू असताना नायकावरच लाच घेतल्याचा आळ येतो आणि त्याचंच खातं त्याच्या मागे लागतं. पीमध्ये तो कैदी बनून तुरुंगात शिरतो. मजा आहे, पण हिशेब कमी. जीमध्ये गोळीबार फार, तुम्ही वगळलात तरी चालेल.

शाईचा_डाग:
बोरूबहाद्दरांशी सहमत, पण आधी ऑडिओ तपासा. बऱ्याच ठिकाणी मँडरिन डबिंग आपोआप लागतं. सेटिंगमध्ये जाऊन कँटोनीज निवडा. नाहीतर आवाज एक नाव घेतो, सबटायटल दुसरंच दाखवतं, आणि तिसऱ्या माणसाबद्दल बोलताहेत असं वाटत राहतं. नायक कँटोनीजमध्ये लुक ची-लिम, मँडरिनमध्ये लू चिल्येन आणि इंग्रजी सबटायटलात विल्यम लुक. तिन्ही एकच! गंमत म्हणजे त्याच्या नावातलं 'लिम' आणि खात्याच्या चिनी नावाची सुरुवात ही एकाच अक्षराने होते. अर्थ: स्वच्छ, लाच न खाणारा.

सातबारा:
हे खातं म्हणजे आयसीएसी, हाँगकाँगचा स्वतंत्र भ्रष्टाचारविरोधी आयोग. याच्याबद्दल चार गोष्टी माहीत नसतील तर निम्मे प्रसंग डोक्यावरून जातात.
स्थापना फेब्रुवारी १९७४. आदल्या वर्षी पीटर गॉडबर हा बडा पोलीस अधिकारी चौकशी चालू असतानाच हाँगकाँगमधून पळाला; लोक रस्त्यावर उतरले, आणि पोलिसांची चौकशी पोलिसांकडे नको म्हणून खातं वेगळं काढलं. आपला लाचलुचपत प्रतिबंधक विभाग गृहखात्याखाली, अधिकारीही पोलिसांतूनच आलेले. आयसीएसी थेट हाँगकाँगच्या सर्वोच्च प्रशासकाला उत्तरदायी. म्हणून सिनेमात पोलीस त्यांच्याकडे इतके तिरके बघतात.
दुसरं, खटला भरायचा की नाही हे खातं ठरवत नाही, न्यायविभाग ठरवतो. त्यामुळे 'पुरावा पुरेसा नाही' हा प्रसंग पुन्हापुन्हा येतो.
तिसरं, पकडलेल्याला ४८ तासांत कोर्टापुढे उभं करावं लागतं. पटकथेतल्या धावपळीचं खरं कारण बहुतेक वेळा हेच.
आणि कोणी 'कॉफी प्यायला या' म्हटलं तर कॉफी समजू नका. हाँगकाँगमध्ये त्याचा अर्थ आयसीएसीकडून चौकशीचं बोलावणं.

बोरूबहाद्दर:
हिशेबच हवा असेल तर 'द गोल्डफिंगर' (२०२३). टोनी ल्युंग घोटाळेबाज, अँडी लाउ तपास अधिकारी. मागे हाँगकाँगच्या कॅरियन या उद्योगसमूहाचं खरं प्रकरण आहे. १९८० मध्ये त्यांनी गॅमन हाऊस ही इमारत ९९.८ कोटी हाँगकाँग डॉलरला घेतली आणि काही महिन्यांतच १६८ कोटींना विकल्याचं जाहीर केलं. शेअर भडकला, त्या शेअरच्या जोरावर कर्ज, कर्जातून पुढची खरेदी. १९८३ मध्ये सगळं कोसळलं. सिनेमा साक्षीदारांच्या जबान्यांमधून पुढेमागे उड्या मारतो, म्हणून प्रत्येक प्रसंगात आधी साल पकडा. ते निसटलं की कोण कोणाला विकतंय तेच कळत नाही.

खिडकीपाशी:
गोल्डफिंगरमध्ये कपडे आणि पार्ट्याच जास्त, तपास तोंडी लावण्यापुरता. माझं मत मालिकेला. 'इन द नेम ऑफ पीपल' (२०१७, मँडरिन, पन्नासहून जास्त भाग). पहिलाच भाग बघा: एक छोटा अधिकारी पडक्या घरात नूडल्स ओरपत बसलाय, तपासणी करणाऱ्यांना काही सापडत नाही. मग दुसऱ्या घरात पलंग, भिंत, फ्रिज, सगळीकडे नोटा. हे वेई पंगयुआन या कोळसा खात्यातल्या अधिकाऱ्याच्या खऱ्या प्रकरणावरून घेतलंय.
एक लक्षात ठेवा: यात तपास प्रोक्युरेटोरेटचा (चीनमधलं सरकारी अभियोग खातं) भ्रष्टाचारविरोधी ब्युरो करतो. २०१८ पासून ते काम नव्या पर्यवेक्षण आयोगाकडे गेलं, त्यामुळे नंतरच्या मालिकांत पदं वेगळी दिसतील. पहिल्या पाच भागांत प्रत्येकाचं नाव, पद आणि तो कोणाच्या गटातला, एवढं कागदावर लिहून ठेवा. कारखान्याच्या जमिनीचा मामला सुरू झाला की तो कागद लागतोच.

शाईचा_डाग:
त्यातलं घरगुती रडगाणं दहा सेकंदांच्या उड्या मारत पुढे सरकवलं तरी चालतं. सभा मात्र सोडू नका, खुर्चीवर कोण कुठे बसलंय यातच राजकारण आहे.

रात्रपाळी:
आभार मंडळी. एस, एल, मग गोल्डफिंगर, मग मालिका. 'द नॉकआउट' कुठे बसवू?

सातबारा:
सगळ्यात शेवटी. ३९ भाग, २०२३. मासे विकणारा गाओ छीछ्यांग गावगुंड होत होत शहराचा मालक कसा होतो ते २०००, २००६ आणि २०२१ अशा तीन काळांत दिसतं. तपास प्रामुख्याने पोलिसांचा, वरून आलेलं पथक नंतर. शेवटच्या भागांत काही ठिकाणी ओठ एक बोलतात आणि आवाज दुसरंच. तुमच्या फाइलचा दोष नाही तो, संवाद नंतर बदललेत.