मदत हवी आहे: २०११ ची मर्सिडीज एमएल ३५० सीडीआय (म्हापसा पासिंग) घ्यावी का? घेण्याआधी काय काय तपासू?

चोर्लाघाट

नमस्कार मंडळी,

राहायला साखळीला. घरात आई-बाबा, आम्ही दोघं आणि मुलगी. बायकोचं माहेर बेळगावला, त्यामुळे चोर्ला घाट नेहमीचाच. बजेट दहा लाखांच्या आत. त्यात नवी छोटी एसयूव्ही येते हे मला माहीत आहे, घरचे रोज ऐकवतातच. पण मन एका जुन्या गाडीवर बसलंय.

गाडी ऑक्टोबर २०११ च्या नोंदणीची, जीए-०३, दुसरा मालक, डिझेल, काळी. मीटरवर ६८ हजार किमी. मागणी पावणेनऊ लाख. मालक मुंबईला असतो, आसगावला त्याचा बंगला आहे. वर्षातून थोडे दिवस येतो, बाकी गाडी पोर्चमध्ये ताडपत्रीखाली. दाखवायचं काम बंगल्याच्या राखणदाराकडे. आम्ही पोचलो तेव्हा त्याने ती सुरू करूनच ठेवली होती. शिवोलीपर्यंत चालवली. काय गाडी आहे! खड्डा आला हे डोळ्यांना दिसतं, कमरेला कळत नाही. एसी थंडगार, स्क्रीनवर कुठला दिवा नाही. दार उघडल्यावर जरा कुबट वास आला, त्यावर राखणदार म्हणाला की पावसाळ्यात इथे सगळ्याच बंद गाड्यांना येतो.

प्रश्न असे: इतक्या जुन्या गाडीला ६८ हजारच किमी ही जमेची बाजू धरायची ना? आमचा मेकॅनिक बोलेरो-इनोव्हातला, तो म्हणतो "बॉनेट उघडीन, पण हात लावणार नाही". मग दाखवायची कुणाला? आणि पंधरा वर्षं याच ऑक्टोबरात भरतायत, त्याचं काय?

कृपया "इनोव्हा घ्या" असं सांगू नका.

रिकामटेकडा

इनोव्हा घ्या.

(पळतो.)

गंजलेला_नट

वरच्या प्रतिसादाकडे दुर्लक्ष करा, त्यांना इनोव्हाशिवाय दुसरी गाडी माहीत नाही.

आधी किमीचं बघू. गोव्यात कमी चाललेली जुनी गाडी म्हणजे बहुतेक वेळा उभी राहिलेली गाडी. समुद्रापासून चार-पाच किमीवर, चार महिने पाऊस, वरून ताडपत्री, म्हणजे ओल आतच कोंडलेली. रबरी सील सुकतात, ब्रेकच्या डिस्क गंजतात, बॅटरी मरते, टायर एकाच जागी चपटे होतात, आणि उंदीर वायरिंगमध्ये संसार थाटतात. रोज पणजीला जाऊन-येऊन दीड लाख किमी झालेली, वेळेवर ऑइल बदललेली गाडी मी हिच्याआधी घेईन. ६८ हजार खरे आहेत का हा प्रश्न वेगळाच. स्टिअरिंगची कातडी, ब्रेक पेडलचं रबर, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बघा. सर्व्हिसची बिलं मागा. मालकाची संमती असेल तर चासी नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरमधली जुनी नोंद मिळू शकते. स्कॅनर लावला की गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेल्या काही चुकांसोबत (बिघाडांसोबत) तेव्हाचे किमीही दिसतात. एखादी चूक ९० हजारांवर नोंदलेली निघाली तर विषय तिथेच संपला.

दुसरं म्हणजे, इंजिन गरम करून दाखवलेली गाडी ही न बघितलेली गाडी. पुन्हा जा, सकाळी जा, आणि आदल्या संध्याकाळपासून कुणी चावी लावायची नाही असं बजावून ठेवा. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. थंड इंजिन सुरू होताना किती वेळ घेतं, कसा धूर येतो, पहिल्या मिनिटात कसला आवाज येतो, खरं सगळं तिथे कळतं.

आता हे इंजिन. तीन लिटरचं व्ही-६, कोड ओएम६४२. इंजिन दणकट आहे, नीट ठेवलं तर लाखो किमी जातं. पण दोन दुखणी प्रसिद्ध आहेत. एक, ऑइल कूलरचे सील. कूलर व्हीच्या खोबणीत, टर्बो आणि इनटेकच्या खाली बसवलेला. सील कडक झाले की ऑइल खोबणीत साचतं, मागे वाहत जातं आणि बेल हाउसिंगच्या (इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडावरचं आवरण) खालून ठिबकतं. पाहणाऱ्याला वाटतं क्रँकचा मागचा सील गेला. सील स्वस्त असतात, पण तिथवर पोचायला वरचं सगळं उतरवावं लागतं, म्हणून मजुरी दणकून लागते. मूळचे सील नारिंगी होते, नंतर सुधारित जांभळे आले. काम आधी झालं असेल तर बिलावर दिसेल. दोन, टर्बोखालची स्वर्ल फ्लॅपची, म्हणजे इनटेकमधल्या हवेच्या झडपा हलवणारी मोटर. ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर काढणारी नळी) येणारं ऑइल टर्बोच्या तोंडाच्या सीलमधून पाझरून तिच्यावर टपकतं, ती मरते आणि गाडी लिम्प मोडमध्ये जाते. म्हणजे चोर्ल्याच्या चढावर गाडी ओढेनाशी होते.

एअर सस्पेन्शन (लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर उभी गाडी) आहे का? गाडी उंच करायचं बटण आहे का बघा. ते या मॉडेलला ऐच्छिक होतं. असेल तर संध्याकाळी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून ठेवा, सकाळी सुरू करायच्या आधी पुन्हा मोजा. एखादा कोपरा बसला असेल तर हवा गळतेय. आणि गळकी एअर स्प्रिंग एकटी मरत नाही, हवा भरून भरून कंप्रेसरलाही सोबत नेते.

गिअरबॉक्स सात गतींचा, डिपस्टिकच नाही. ऑइलची पातळी ठरावीक तापमानाला मोजावी लागते, नाक्यावरच्या गॅरेजचं ते काम नाही. ऑइल कधी बदललं विचारा. "लाइफटाइम आहे" असं उत्तर आलं तर बदललेलं नाही असं समजा.

दाखवायची कुणाला? जिथे मर्सिडीजचा स्वतःचा स्कॅनर, झेंट्री, आहे आणि गाडी लिफ्टवर चढते तिथे. गोव्यात नसेल जमत तर बेळगाव-कोल्हापूरहून माणूस बोलवा, त्याचे पैसे द्या. विकणाऱ्याने सुचवलेल्या गॅरेजमध्ये नको.

मांडवीकाठ

इंजिनावर वर उत्तम लिहिलंय, मी कागदांचं बघतो.

रिपासिंगचा, म्हणजे पंधरा वर्षांनी नोंदणी वाढवण्याचा, अर्ज मुदत संपण्याआधी साठ दिवसांच्या आत करता येतो, फॉर्म २५. गाडी फिटनेसमध्ये पास झाली की पाच वर्षं वाढतात. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाची केंद्राने ठरवलेली फी पाच हजार आहे, पण आयात केलेल्या गाडीला चाळीस हजार. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती आणखी वाढली, दहा हजार, आणि आयात गाडीला ऐंशी हजार. तुमची गाडी पूर्ण बनून बाहेरून आलेली की भारतात जुळवलेली, ते टोकन देण्याआधी आरटीओत नोंदीवरून पाहून घ्या. गोव्याचा कर त्यावर वेगळा, तोही तिथेच विचारा. बोलणी करताना हा सगळा आकडा किमतीत धरा, कारण ऑक्टोबरचा खर्च मालक तुमच्या गळ्यात टाकतोय.

बाकी नेहमीचंच: कर्जाचा बोजा, ई-चलन, विम्याचे जुने क्लेम, दोन्ही किल्ल्या. नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही, तो तुम्हाला मिळणार नाही. विमा नावावर करायला चौदा दिवस. आणि आरसी नावावर झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

चोर्लाघाट

@गंजलेला_नट, तुम्ही तर आख्खं इंजिन उघडून ठेवलंत. मनापासून आभार. उंच करायचं बटण आहे, म्हणजे एअर सस्पेन्शन आहे.

@मांडवीकाठ, आरसीचा फोटो मागवला. गाडी एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावावर आहे. मालक म्हणतो कंपनी त्याचीच, मित्राबरोबर काढलेली, मित्र आता वेगळा झाला. याने फरक पडतो का?

मांडवीकाठ

पडतो की. गाडी कंपनीची आहे, त्याची नाही. विकायचा अधिकार कुणाला दिलाय त्याचा संचालक मंडळाचा ठराव, लेटरहेडवर, शिक्क्यासह हवा. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही त्याच अधिकृत माणसाची. मित्र अजून संचालक असेल तर उद्या तो उभा राहून म्हणेल मला विचारलं नव्हतं. कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनीचं नाव टाकून संचालक कोण ते पाहता येतं, पाच मिनिटांचं काम. पैसेही कंपनीच्या खात्यातच. "माझ्या जीपेवर टाका" म्हणाला तर उठा.

ओली_पडवी

त्या कुबट वासाबद्दल कुणीच बोलेना म्हणून लिहिते.

सनरूफ आहे का? असेल तर त्याच्या चार कोपऱ्यांतून पाणी खाली नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. आंब्याचा मोहोर, सुरूची पानं, धूळ, यांनी त्या बुजतात. मग पाणी छताच्या अस्तरातून खाली उतरतं आणि गालिच्याखाली साचतं. वरून सगळं कोरडं, खाली स्पंज चिंब. त्यात वायरिंगचे जोड भिजले की महिन्याला एक नवीन दिवा लागतो आणि कुणालाच कारण सापडत नाही. फ्लोअर मॅट उचलून बघणं पुरेसं नाही, दाराखालची पट्टी काढून हात आत घाला. बूटमध्ये स्टेपनीच्या खड्ड्यातही.

पुराचंही तपासा. साखळीच्या माणसाला पूर काय सांगायचा, जुलै २०२१ तुम्ही पाहिलाय. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, गुंडाळीच्या आतल्या भागावर चिखलाची रेघ राहते. सीटचे रूळ आणि खालचे बोल्ट गंजलेत का पाहा.

आणि आसगाव म्हणजे वागातोर-हणजुणे जवळच. किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे, तरी पाहुणे घालतातच. लिफ्टवर चढली की चासीच्या पोकळ्यांत वाळू आहे का बघा. ब्रेकचे पाइप, मागची सबफ्रेम, सायलेन्सरचे क्लॅम्प. खाऱ्या पाण्याचा गंज वरून रंग मारला तरी फुगून बाहेर येतो. अंडरबॉडीला नवा काळा कोट दिसला तर मी खूश होणार नाही, उलट जास्त शंका घेईन.

हट्टी_डिझेल

सगळे घाबरवतायत, मी जरा धीर देतो. माझ्याकडे याच वयाची एक जर्मन एसयूव्ही आहे (ब्रँड सांगत नाही, लोक भांडायला येतात). आनंदात आहे. पण गाडी घेतली तेव्हा किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे पैसे बाजूला ठेवले होते, आणि पहिल्या वर्षात ते बऱ्यापैकी लागले. ज्यांच्याकडे असे पैसे नाहीत त्यांनी या वाटेला जाऊ नये, मग गाडी कितीही चांगली असो.

विम्याच्या भरवशावर राहू नका. प्लास्टिक-रबरच्या भागांना साध्या पॉलिसीत निम्मेच पैसे मिळतात, आणि अशा गाडीचा हेडलाइट म्हणजे एक स्कूटर. झिरो डेप (भागांची घसारा-कपात न होणारा जादा विमा) या वयाला मिळणं अवघड. पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) तुम्ही आणि कंपनी बोलून ठरवता, तेव्हा बोला, गप्प बसू नका. पाण्यातून नेऊन इंजिन लॉक झालं तर इंजिन प्रोटेक्टचा जादा विमा नसल्यास सगळा भार तुमच्यावर.

टायरवरचे चार आकडे वाचा. २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. चारही चाकांना सतत ताकद जाणारी गाडी आहे, टायर एका मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत.

रिकामटेकडा

एवढ्यात इनोव्हा दोनदा आली असती.

चोर्लाघाट

अपडेट. पर्वरीच्या एका गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवली, झेंट्रीवाला माणूस बेळगावहून आला होता. सकाळी बॉनेट थंड होतं, राखणदाराला आधीच सांगून ठेवलं होतं. (त्याचा आता माझ्यावर राग आहे.) इंजिन पटकन सुरू झालं, धूर नाही. किमी खरे वाटतात, स्कॅनमध्ये ६८ च्या पुढचं काही निघालं नाही, स्वर्ल मोटर ठीक. वाळू नाही, गंज वरवरचा.

आता बाकीचं. बेल हाउसिंगखाली ऑइलचा ओलावा, झेंट्रीवाल्याच्या मते कूलरचेच सील. पुढचा डावा कोपरा रात्रीत तीन बोटं खाली बसला. टायर २०१६ चे. मागच्या डाव्या सीटखालचा स्पंज ओला, सनरूफची मागची एक नळी बंद. गिअर ऑइल बदलल्याची नोंद नाही. त्याने दिलेला अंदाज: सील ६५ हजार, पुढच्या दोन्ही एअर स्प्रिंग ९० हजार, टायर ७५ हजार, गिअर ऑइल २५ हजार. नळी त्याने तिथेच साफ करून दिली. मालकाला पाठवलं तर म्हणतो साठ हजार कमी करतो, त्याखाली नाही.

गंजलेला_नट

म्हणजे अडीच लाखाच्या वर, आणि कंप्रेसर अजून यात धरलेला नाही. गळकी स्प्रिंग किती दिवसांची आहे कुणाला माहीत. पण जे निघालंय ते सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे. इंजिन-गिअरबॉक्सच्या आतलं काही नाही, किमी खरे, तळ खाल्लेला नाही. गाडी वाईट नाही, किंमत वाईट आहे. सहाच्या वर जाऊ नका, आणि रिपासिंगची फी चाळीस हजार निघाली तर साडेपाच. तो आज नाही म्हणेल. ऑक्टोबर जवळ येईल तसं त्याला दुसरं गिऱ्हाईक मिळणं कठीण होत जाणार आहे, तुम्हाला घाई नाही. ओला स्पंज मात्र ज्याच्याकडे गाडी असेल त्याने आजच बाहेर काढून उन्हात टाकावा, हे राखणदाराला सांगा.

चोर्लाघाट

सहा सांगितले. "विचार करून कळवतो" म्हणाला. ठरावाचं विचारलं तर मित्राशी बोलावं लागेल म्हणे, म्हणजे तो अजून संचालक आहे. आरटीओत विचारलं, नोंदीवर आयात आहे, म्हणजे चाळीस हजार. उद्या फोन करून साडेपाच सांगतो. राखणदाराने स्पंज उन्हात टाकलाय, फोटो पाठवला.

ओली_पडवी

फोटोत आकाश काळं दिसतंय. आत घ्यायला सांगा त्याला.