142857 : खरं गणित की नुसती अंकांची करामत?

दादरकर
मुंबईतल्या शाळांच्या गणित प्रदर्शनांत 142857 हमखास दिसतो. 2 ने गुणा, 285714. 3 ने गुणा, 428571. 6 पर्यंत तेच अंक गोल फिरतात, 7 ने गुणलं की 999999. मुलं टाळ्या वाजवून पुढच्या टेबलाकडे जातात. माझ्या मते हा त्या संख्येचा गुणच नव्हे, आपल्या दशमान लेखनाचा आहे. दशमानात 1/7 म्हणजे 0.142857142857…, तेच सहा अंक फिरत राहतात. दहाऐवजी आठचा पाया घेणाऱ्या अष्टमान पद्धतीत 1/7 म्हणजे 0.111…, चक्र गायब! 3×3×3×11×13×37 हे अवयव मात्र कुठेही तेच राहतात. शिकवायचे तर ते शिकवा. 2178 चे अंक उलटे लिहिले की 8712, आणि ती तिची चौपट आहे, असल्या गमतींना इंग्रज गणिती जी. एच. हार्डींनीही 1940 साली गंभीर गणित मानलं नव्हतं.

पार्ल्याच्या बाई
अजिबात पटलं नाही. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर आयुष्यभर अंकांतच रमले, आणि कापरेकर संख्या जगभर अभ्यासल्या जातात. ज्या संख्येच्या वर्गाचे दोन तुकडे मिळवले की तीच संख्या परत येते, ती कापरेकर संख्या. 142857 त्यांतलीच. वर्ग 20408122449; 20408 + 122449 = 142857. हे पाहून ज्या मुलाला "असं का?" विचारावंसं वाटतं, त्याला अवयवांची यादी देऊन काय मिळणार?

दादरकर
बाई, पण "का"चं उत्तर त्या टेबलावर कोणी देतं का?

सायनचा विद्यार्थी
उत्तर आहे, आणि आठवीच्या मुलाला झेपेल असं आहे. 142857 ला 7 ने भागल्यावर बाकी 1 उरते, म्हणजे 142856 = 7×20408. आता 142857×142856 करा. 142857×7 म्हणजे 999999, म्हणून गुणाकार 999999×20408. त्यात 142857 मिळवला की वर्ग. 999999 म्हणजे दहा लाख वजा 1, त्यामुळे डावीकडे 20408 आणि उजवीकडे 142857 − 20408 उरणारच. बेरीज आपोआप पुन्हा 142857! दादरकर, याला करामत कसं म्हणता?

फोर्टवाला
आमचा पिनकोड 400001. 7 ने भागा, 57143. त्यात 571428 ची झाक आहे बघा.

दादरकर
4/7 = 0.571428…, म्हणून ते दिसतं. 7 ने भाग जाणं खरं, पिनकोड असणं योगायोग. विद्यार्थ्याचा पुरावा सुंदर आहे, मान्य. तरी तो दहावरच टेकलेला आहे.

सायनचा विद्यार्थी
दहावर टेकला म्हणून उथळ होत नाही. 1 ला 7 ने भागताना बाक्या 1, 3, 2, 6, 4, 5 अशा सगळ्या येतात, म्हणून चक्र पूर्ण फिरतं. बाराचा पाया असलेल्या द्वादशमान पद्धतीतही 7 चं चक्र सहा अंकीच येतं. दशमानात 17 ने भागतानाही असं पूर्ण चक्र जमतं, 13 ने भागताना नाही : 1/13 चं चक्र 076923, त्याची दुप्पट 153846, अंकच वेगळे. मग असं पूर्ण चक्र देणाऱ्या मूळ संख्या अनंत आहेत का? गणिती एमिल आर्टिन यांनी 1927 साली त्या अनंत असल्याचा अंदाज मांडला. तो आजही सिद्ध झालेला नाही.

पार्ल्याच्या बाई
मग 13 चं टेबल 7 च्या शेजारीच मांडा. पाचवीच्या मुलांकडून दोन्ही भागाकार हातानं करून घ्या, बाक्या फळ्यावर लिहायला लावा. एकीकडे सगळ्या येतात, दुसरीकडे निम्म्याच, हे मुलं स्वतःच सांगतील.