मदत हवी आहे: टाइल्सच्या सांध्यांत गेरूसारखा लाल रंग भरायचाय, उद्या मिस्त्री येतोय

वानकाठ
नमस्कार मंडळी. तेल्हारा तालुक्यात घराचं काम चालू आहे. उद्या सकाळी मिस्त्री ग्राउट, म्हणजे टाइल्सच्या सांध्यांतला मसाला, भरायला येतोय आणि दुकानदारानं पांढरं दिलंय. मला पांढरं नको, लाल पाहिजे, गेरूचा असतो तसा. जुन्या घरात सारवण झालं की आई भिंतीच्या कडेनं गेरूचा चार बोटं पट्टा ओढायची. ते घर पाडलं. नव्या घरात निदान सांध्यांत तरी तो रंग राहावा असं फार वाटतं. सिमेंटचं आणू की इपॉक्सी, म्हणजे रेझिनचं? लवकर सांगा जी, दुकान आठला बंद होतं.

ओळंबा
टाइल कोणत्या रंगाची? जमिनीची की भिंतीची? सांधा किती मिमीचा सोडलाय?

वऱ्हाडी_गडी
इपॉक्सीच्या मांगं कायले लागता भाऊ? पांढरं सिमेंट घ्या, लाल ऑक्साईड टाका, झालं काम. आमच्या ओसरीचा लाल कोबा माह्या आज्यानं तसाच केला व्हता, अजून चमकते.

ओळंबा
कोबा घोटून घोटून केलेला असतो, त्याची आणि सांध्याची बरोबरी नको. घरी रंग कालवला की दर घमेल्याची छटा वेगळी येते. आणि सिमेंटच्या वजनाच्या १० टक्क्यांवर ऑक्साईड गेलं की सांधा कच्चा राहतो, झाडूनं भुकटी निघते.

वऱ्हाडी_गडी
मोजून टाकलं तर काहून निघन? तुमी लोक कंपनीच्या पुड्यावरच विश्वास ठेवता.

सुगरण_अकोट
ताई म्हणून सांगते, ओट्यामागं पांढरं अजिबात भरू देऊ नका. माझ्या शेगडीमागच्या रेषा हळदीनं पिवळ्या झाल्या, घासून घासून बोटं दुखली पण डाग गेला नाही. नंतर इपॉक्सी भरून घेतलं. आता ओल्या फडक्यानं पुसलं की साफ.

काळी_माती
बाथरूमचा उतार तपासला का? फुटाला पाव इंच तरी पाहिजे. आमच्याकडे पाणी उलटं दारात येतं.

वानकाठ
बाथरूमचं नाही विचारलं भाऊ. टाइल क्रीम, २ बाय २ फूट, चकचकीत, जमिनीची. हॉल आणि दोन खोल्या लावून झाल्या, स्वयंपाकघर बाकी आहे. सांधा म्हणजे काय सोडायचा? मिस्त्रीनं एकाला एक भिडवूनच लावल्यात. म्हणे एकसंध दिसतं.

ओळंबा
हे आधी सांगायला हवं होतं. भिडवलेल्या फटीत ग्राउट आत उतरत नाही, वरवर बसतं. लाल भरलं तर रेघ कुठे केसाएवढी, कुठे जाड, कुठे गायबच. टाइलच्या रंगाचं ग्राउट वाकडेपणा झाकतं, उलट रंगाचं तो चार हात लांबून दाखवतं. हॉल-खोल्यांत क्रीमच भरा. ग्राइंडरनं फट रुंद करायच्या फंदात पडू नका, कडांचे टवके उडतात. आणि आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांत टाइल फुगते, तिला सरकायला जागा लागते. भिडवलेल्या टाइल्स उचकटून तंबूसारख्या उभ्या राहिलेल्या मी स्वतः पाहिल्यात. लाल रंग स्वयंपाकघरात करा, तिथं स्पेसर (दोन टाइल्समध्ये ठेवायचे प्लास्टिकचे तुकडे) टाकून ३ मिमीचा सांधा ठेवा.

पूर्णेचा_पट्टा
ग्राउट कालवायला पाणी कोणतं वापरणार? बोअरचं असेल तर थांबा.

वानकाठ
बोअरचंच. सगळं बांधकाम त्याच पाण्यावर झालंय.

पूर्णेचा_पट्टा
मग सिमेंटचं लाल ग्राउट विसरा. आपण खारपाणपट्ट्यात राहतो, इथलं जमिनीखालचं पाणीच खारं. सांधा वाळला की पाण्यातला क्षार वर येतो आणि पांढरी बुरशी धरल्यासारखा दिसतो. पांढऱ्या ग्राउटवर ते लपतं, लालवर नाही. सिमेंटचंच घ्यायचं तर वान धरणाच्या नळाचं पाणी घ्या.

काळी_माती
वानचं पाणी आम्हाला प्यायला पुरत नाही आणि तुम्ही फरशीत घाला म्हणता. आधी योजनेच्या नळाला पाणी आणा.

पूर्णेचा_पट्टा
दोन कळशांनी काय होतं? तुमचं दुखणं खरं आहे, पण धागा टाइल्सचा आहे.

ओळंबा
इपॉक्सीत पाणी कालवावंच लागत नाही, तो प्रश्नच मिटला. फक्त उन्हात ते फार लवकर धरतं. थोडं थोडं कालवा, सकाळी लवकर भरा, मागोमाग कोमट पाण्यानं स्पंज मारत जा. वाळलेला थर चकचकीत टाइलवरून निघत नाही. आणि आधी उरलेल्या दोन तुकड्यांवर भरून बघा. पॉलिशच्या बारीक छिद्रांत लाल शिरला तर टाइल कायमची गुलाबट दिसते.

वानकाठ
(दोन दिवसांनी) मिस्त्रीला थांबवलं. हॉलमध्ये क्रीम भरलं. पुठ्ठ्यावर टाइलचे चार तुकडे चिकटवून मध्ये दोन लाल रंग भरले, एक विटेसारखा, एक काळपट. रात्रभर वाळू दिले. टाइलवर डाग नाही. आईनं चष्मा लावून दोन्हींवर बोट फिरवलं आणि विटेसारख्यावर ठेवलं. म्हणाली, गेरू ओला असताना काळपट दिसतो, वाळल्यावर असा होतो. तेच इपॉक्सी घेतलंय. फक्त तेल्हाऱ्यात ३ मिमीचे स्पेसर नाहीत, २ चेच मिळाले. चालतील का?

ओळंबा
चालतील. रेघ थोडी बारीक येईल. पहिली ओळ मात्र दोरी लावूनच घ्या.